रामबागेतल्या जाड भिंती आणि आर्चर सी६ राउटर

घर जुनं, भिंती जाड आणि घरात नेटवर काम करणारी तीन-चार माणसं, असं असेल तर टीपी-लिंकचा आर्चर सी६ हा राउटर जरूर घ्या, असं मी सांगेन. अट एकच. तो बैठकीत टीव्हीशेजारी ठेवून द्यायचा नाही. जिथे काम चालतं त्या खोलीत न्यायचा आणि तिथपर्यंत चांगली तांब्याची केबल ओढून घ्यायची. केबल ओढायची तयारी नसेल, तर हा राउटर काय आणि याच्या तिप्पट किमतीचा काय, फरक फारसा पडणार नाही. सगळं वापरून झाल्यावर लिहिते आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमचं घर इंदूरला रामबागेत, आजेसासऱ्यांच्या वेळचं. खालच्या भिंती विटांच्या, दीड फूट जाड. पुढे ओटला, मग बैठक, मग माजघर, मागे स्वयंपाकघर आणि वर दोन खोल्या. फायबर गल्लीतल्या खांबावरून येतो, म्हणून नेटच्या कंपनीच्या माणसाने त्यांचा वायफायचा डबा बैठकीच्या खिडकीपाशी बसवला. त्याला तेच सोयीचं होतं. मी मात्र वरच्या मागच्या खोलीत बसून आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते. काही मुलं देवासची, काही भोपाळची, काही थेट पुण्याची. शेजारच्या खोलीत माझा मुलगा त्याच्या ऑफिसचं काम करतो. खाली सासूबाईंना सकाळी टॅबवर कीर्तन ऐकायचं असतं आणि रात्री टोरांटोतल्या नातीशी बोलायचं असतं. म्हणजे घराच्या एका टोकाला डबा आणि सगळी कामं दुसऱ्या टोकाला.

याचा त्रास काय होतो, ते शिकवणाऱ्यालाच कळतं. मी पेन टॅबवर काटकोन त्रिकोण काढते, पाया काढते, लंब काढते, कर्णाची रेघ ओढते आणि तिकडून आवाज येतो, "मॅडम, कर्ण आलाच नाही." मी थांबते. काही क्षणांनी कर्ण येतो, पण तोवर मी पुढे बोललेलं वाक्य गेलेलं असतं. गणितात एक पायरी निसटली की पुढचं सगळं निसटतं. मूल गप्प बसतं आणि त्याला समजलं असं आपल्याला वाटतं. मला याचं फार वाईट वाटायचं. फी भरून बसलेल्या मुलाला अर्धंच ऐकू जावं, हे मला पटण्यासारखं नव्हतं.

कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन केला की एकच सल्ला मिळायचा: प्लॅन वाढवा. आमचा प्लॅन २०० एमबीपीएसचा (एमबीपीएस हे नेटच्या वेगाचं माप). एका चांगल्या व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. चार जणांनी एकदम कॉल लावले तरी विशीच्या आत काम होतं. तेव्हा २०० चे ३०० करून कर्ण वेळेवर पोहोचणार नव्हता. नेट घरापर्यंत पुरेसं येत होतं, ते घराच्या आत हरवत होतं. असा सल्ला तुम्हालाही मिळाला तर आधी डब्याशेजारी उभं राहून वेग मोजा, मग कामाच्या जागी जाऊन मोजा. दोन आकड्यांत मोठी तफावत असेल तर दुखणं घरातच आहे, प्लॅनवर पैसे घालू नका.

मी मोजलं ते वेगाबरोबर सिग्नलही. फोनवर वायफाय अ‍ॅनालायझर प्रकारची फुकट अ‍ॅप मिळतात, त्यांत डीबीएम नावाचा आकडा दिसतो. तो ऋण असतो आणि शून्याच्या जितका जवळ, तितका सिग्नल बळकट. व्हिडिओ कॉल नीट चालायला साधारण उणे ६७ किंवा त्याहून बरा आकडा हवा. डब्यापाशी माझ्या फोनवर उणे ३८ होता. माजघरात गेले, उणे ६० च्या खाली घसरला. वर माझ्या खुर्चीत बसले, उणे ७९. हा आकडा दर ३ ने उतरला की सिग्नलची शक्ती निम्मी होते. ३८ आणि ७९ मधला फरक ४१, म्हणजे माझ्या खुर्चीपर्यंत शक्ती बारा हजारपटींहून जास्त घटलेली होती. माझ्या पाठीमागे लोखंडी कपाट होतं, आरसा लावलेलं. ते दुसऱ्या भिंतीला सरकवलं तेव्हा आकडा लगेच थोडा सुधारला. धातू आणि आरसा दोन्ही सिग्नल परतवतात, पाणी तो शोषून घेतं. तेव्हा राउटर आणि तुमची जागा यांच्यामध्ये कपाट, फ्रिज किंवा पाण्याची टाकी येते का, एवढं आधी बघून घ्या. त्याला पैसे पडत नाहीत.

शिवाय वायफायचा स्वभाव असा की एका चॅनलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. वर्गात एक मूल अडखळत, पुन्हापुन्हा तेच वाचत असलं की बाकीच्यांना थांबावं लागतं, तसं लांबच्या खोलीतला एक अशक्त फोन अख्ख्या घराचा वेळ खातो. सासूबाईंच्या टॅबने माझा वर्ग अडावा आणि माझ्या लॅपटॉपने मुलाची मीटिंग, हे त्यामुळेच चालायचं. घरात यावरून चिडचिड व्हायची आणि चूक कोणाचीच नसायची.

राउटर घ्यायला जेल रोडला गेलो, नॉव्हेल्टी मार्केटच्या बाजूला. दुकानदाराने पहिल्यांदा सहा अँटेनांचा काढला. "मॅडम, ये ले जाओ, तीन मंजिल तक चलेगा." माणूस भला होता, पण हे बोलणं मान्य करू नका. वायफायच्या राउटरने किती ताकदीने सिग्नल सोडावा, यावर सरकारी मर्यादा आहे. अँटेना वाढल्याने ती मर्यादा वाढत नाही. दुसरं म्हणजे राउटरचा आवाज फोनपर्यंत पोहोचला तरी फोनचा आवाज राउटरपर्यंत पोहोचायला हवा आणि फोनची ताकद त्याच्या मानाने थोडीच. फोनवर सिग्नलच्या रेघा भरलेल्या दिसतात आणि कॉल तरी तुटतो, त्याचं कारण बऱ्याचदा हे असतं.

आर्चर सी६ घेण्याचं माझं मुख्य कारण त्याच्या मागच्या बाजूला आहे. त्यावर एक वॅन (बाहेरून येणाऱ्या नेटची तार घालायचा) आणि चार लॅन (घरातली यंत्रं जोडायचे) पोर्ट आहेत, पाचही गिगाबिटचे, म्हणजे १००० एमबीपीएसपर्यंतचे. हे नीट बघून घ्यायची गोष्ट आहे. खोक्यावर एसी१२०० लिहिलेले राउटर ढिगाने मिळतात आणि त्यांतले बरेच आत १०० एमबीपीएसचेच पोर्ट घेऊन येतात. याच कंपनीचा आर्चर सी५० ही एसी१२०० च आहे, किमतीने कमी, पण त्याचे पोर्ट १०/१०० चे. प्लॅन १०० पर्यंतचा असेल तर तो पुरेसा आहे. आमच्या २०० च्या प्लॅनला तो निम्म्यावर अडवेल. एसी१२०० या आकड्याचा अर्थही समजून घ्या: वायफायच्या लहरींचे दोन पट्टे असतात, त्यांतल्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७, यांची बेरीज करून वर ओढलेला तो आकडा आहे. कुठल्याही एका फोनला १२०० कधीच मिळत नाहीत. प्रत्यक्षात ८६७ चेही निम्म्याच्या आसपास मिळाले तरी चांगलं. मला २०० हवे होते, तेवढ्याला हा पुरून उरतो. यूएसबी पोर्ट त्याला नाही, हार्डडिस्क जोडायची असेल त्यांनी दुसरा बघावा. मला तो अडीच हजारांच्या थोडा वर पडला.

आता केबल. माझ्या मते सगळा खेळ इथेच आहे, म्हणून इथे मी थांबणार आहे.

महाराणी रोडला केबल घ्यायला गेलं की स्वस्त भेंडोळं पहिलं पुढे येतं. ती बहुतेक वेळा तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची असते. वरून लालसर, आतून पांढरी. ब्लेडने तार हलकेच खरवडा: चंदेरी दिसली तर ठेवून द्या. अशी तार वाकवली की लवकर तुटते आणि लांब अंतराला सिग्नलही जास्त पडतो. शुद्ध तांब्याची कॅट६ (हा नेटच्या केबलचा एक दर्जा) घ्या, मीटरमागे थोडे पैसे जास्त जातील, पण भिंतीत एकदा गेलेली तार पुन्हा कोण काढतं? त्याखालची कॅट५ई सुद्धा १०० मीटरपर्यंत गिगाबिट नेते, तेव्हा घरासाठी तीही चालते, तांबं खरं हवं एवढंच.

आम्ही बैठकीतल्या डब्यापासून छताच्या कडेने, माजघरातून, जिन्यालगत वरपर्यंत तार नेली, पांढऱ्या केसिंग पट्टीतून. दीड फुटाच्या भिंतीला आरपार भोक पाडायला लांब ड्रिल लागतं, साधं पुरत नाही. वायरमनला आधीच सांगून ठेवा. विजेच्या वायरच्या पट्टीत ही तार घालू देऊ नका, वेगळी पट्टी हवी.

सगळं जोडलं आणि वेग मोजला: ९४. पुन्हा मोजला, ९३, ९४. मुलगा म्हणाला, "आई, राउटर परत करू या." मला मात्र तो ९४ आकडाच बोलका वाटला. वेग वरखाली होत असता तर गोष्ट वेगळी, हा तर एका जागी खिळलेला. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर मोजलं की हिशोबाचा वरखर्च जाऊन साधारण एवढंच उरतं. म्हणजे कुठेतरी जोडणीच १०० ची होत होती. राउटरच्या अ‍ॅपमध्ये बघितलं, वॅन पोर्टसमोर १०० लिहिलेलं. तारेच्या टोकाची पारदर्शक पिन उजेडात धरली. केबलमध्ये चार जोड्या, आठ तारा असतात. पिनमध्ये चारच होत्या: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, हिरवी. निळी आणि तपकिरी जोडी मुळाशी कापून टाकलेली. १०० पर्यंतच्या वेगाला १, २, ३ आणि ६ या चारच जागा लागतात, गिगाबिटला आठही लागतात. नेट दहा-वीस एमबीपीएसचं होतं त्या काळापासूनची ही सवय आहे आणि अजून अनेक जण तशीच पिन मारतात.

वायरमन आमच्याच मोहल्ल्यातला पोरगा, त्याला बोलावून पिन दाखवली. "काकू, आम्ही सगळीकडे चारच घालतो, चालतं," म्हणाला, पण वाद न घालता दोन्ही टोकं नव्याने मारून दिली. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. दोन्ही बाजूंना हाच क्रम. अ‍ॅपमध्ये १०० च्या जागी १००० आलं आणि वेग दोनशेच्या थोडा वर गेला. राउटर परत केला असता तर दुसऱ्या राउटरवरही हेच ९४ आले असते आणि दोष त्याच्या माथी गेला असता. इंटरनेटवर राउटरला एक तारा देऊन शिव्या घातलेल्या कितीतरी तक्रारी या पिनच्या असणार, असं मला तेव्हापासून वाटतं.

याच जोडीला आणखी एक: कंपनीने दिलेल्या डब्यावर दोन पोर्ट असतील तर कधीकधी त्यातला एकच गिगाबिटचा असतो आणि दुसरा १०० चा. गिगाबिटवाल्याशेजारी बारीक अक्षरांत जीई लिहिलेलं सापडतं. तार त्यातच घाला.

वर आता परिस्थिती अशी आहे. माझ्या खुर्चीत ५ गिगाहर्ट्झवर उणे ४५ च्या आसपास आकडा असतो आणि प्लॅनचा जवळजवळ पूर्ण वेग मिळतो. मुलाच्या खोलीत एक भिंत ओलांडून उणे ५८-६०. दोघांचे कॉल, शिवाय खाली टीव्ही, एकदम चालतात. वर्गात माझी रेघ हाताबरोबर उमटते. परवा पायथागोरस घेताना भोपाळची मुलगी मी कर्ण पुरा करायच्या आत उत्तर सांगून मोकळी झाली. एवढंच मला हवं होतं.

५ गिगाहर्ट्झ वेगवान आहे, पण भिंतींपुढे लवकर दमतो. २.४ लांब जातो, पण त्यावर गर्दी फार: शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे त्याच पट्ट्यात. २.४ वर एकमेकांत न मिसळणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. अ‍ॅपमध्ये बघून शेजाऱ्यांचा सर्वांत कमी वावर असलेला निवडावा. माझ्या नणंदेचा अनुभव इथे उपयोगी आहे. ती महालक्ष्मी नगरला फ्लॅटमध्ये राहते. तिच्या फोनवर वायफायची यादी उघडली की नावं संपत नाहीत. तिचा फ्लॅट लहान, भिंती पातळ. तिथे केबल बिबल काही लागलं नाही. राउटर कोपऱ्यातल्या शोकेसमधून काढून पॅसेजमध्ये उंचावर ठेवला, फोन-लॅपटॉप ५ वर घेतले, काम झालं. नवा राउटर घ्यायचीही तिला गरज नव्हती, कंपनीचाच डबा दोन पट्ट्यांचा होता.

उलट सुदामानगरच्या वहिनींचं घर अरुंद प्लॉटवर तीन मजली. त्यांनी महागडा मेश संच घेतला, म्हणजे मिळून एकच वायफाय देणाऱ्या तीन डब्यांचा, आणि तिन्ही डबे हवेतूनच एकमेकांशी बोलत होते. दोन पट्ट्यांच्या मेशमध्ये एकाच पट्ट्यावरून घ्यायचं आणि पुढे द्यायचं म्हटलं की दर टप्प्याला वेग साधारण निम्मा होतो. तिसऱ्या मजल्यावर फारसं उरत नव्हतं. त्या संचातल्या डब्यांना मागे लॅन पोर्ट आहेत. त्यात तार घालून दिल्यावर तोच संच उत्तम चालायला लागला. म्हणून म्हणते, आधी तार.

सी६ बसवताना एक निर्णय घ्यावा लागतो, तो दुकानात कोणी सांगत नाही. घरात आधीच कंपनीचा डबा राउटरचं काम करत असतो. त्याच्यामागे दुसरा राउटर तसाच जोडला की घरात दोन वेगळी जाळी होतात. आमचा प्रिंटर बैठकीतल्या डब्यावर आणि लॅपटॉप वरच्या राउटरवर, त्यामुळे प्रश्नपत्रिका छापायला गेले की लॅपटॉपला प्रिंटर दिसेना. सी६ च्या सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे राउटरचं काम खालच्या डब्यावर सोडून नुसतं वायफाय देण्यापुरता, चालवायची सोय आहे, ती निवडली आणि दोघे एका जाळ्यात आले. या पद्धतीत मुलांच्या वापरावर बंधन घालायची सोय बंद होते, लहान मुलं असलेल्यांनी ते लक्षात घ्यावं. प्रिंटर फक्त २.४ वर चालणारा आहे, बरेच प्रिंटर आणि स्मार्ट बल्ब तसेच असतात. म्हणून दोन्ही पट्ट्यांना एकच नाव न देता मी वेगवेगळी नावं दिली. आणि बसवल्याबरोबर राउटरचा प्रशासकाचा पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न घालता बटणाने किंवा पिन क्रमांकाने जोडायची सोय) बंद करा.

लाइट जाण्याचंही बोलायला हवं. राउटरसाठी छोटे यूपीएस मिळतात, हाताच्या पंजाएवढे. व्होल्ट अ‍ॅडॉप्टरवर लिहिले आहेत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. माझ्यासारखी मांडणी असेल तर दोन लागतील, एक खाली डब्याला आणि एक वर राउटरला. एकाला देऊन दुसरा बंद पडला तर उपयोग शून्य. पावसाळ्यात विजा कडाडायला लागल्या की मी दोन्हींचे प्लग काढते. फायबरची काच वीज वाहून नेत नाही, पण घरातली तांब्याची तार आणि अ‍ॅडॉप्टर नेतात. आणि उन्हाळा: माहितीपत्रकात राउटरसाठी ० ते ४० अंश तापमान लिहिलं आहे. इंदुरात मे महिन्यात बाहेरच चाळिशी ओलांडते, तेव्हा पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा बंद शोकेसमध्ये त्याला कोंडू नका. माझा भिंतीवर मोकळ्या जागी, पंख्याच्या वाऱ्याच्या टप्प्यात आहे.

प्लॅन ५०० च्या पुढचा असेल किंवा घरात सगळेच फोन-लॅपटॉप नवे असतील, तर वायफाय ६ चा, म्हणजे पुढच्या पिढीचा, घ्या. याच कंपनीचा आर्चर एएक्स२३ त्या वर्गातला आहे. सी६ वायफाय ५ चा आहे. आमच्या गरजेला मला त्यात काही कमी वाटलं नाही.

माजघर मात्र अजून अधेमधेच आहे. खालून डब्याचा आणि वरून सी६ चा सिग्नल तिथे दोन्ही उणे ६८-७० ला येऊन ठेपतात. कीर्तन चालतं, नातीचा चेहरा कधीकधी थिजतो. सासूबाई म्हणाल्या, "अगं, मी बैठकीत बसून बोलेन, त्यात काय." पण त्यांची बसायची जागा माजघरात खिडकीपाशी आहे आणि ती बदलायची वेळ त्यांच्यावर येऊ नये, असं मला वाटतं. मुलाचा जुना राउटर माळ्यावर पडून आहे, तोही अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून चालतो, तपासून घेतला. दिवाळीची साफसफाई झाली की त्या खिडकीवर तो लावणार आहोत. केबल उरलेल्या भेंडोळ्यात तेवढी आहे आणि पिन आठ तारांचीच मारायची, हे वायरमनला आत्ताच सांगून ठेवलं आहे.